डाव्या तळपायाचा परीक्षक

तळपाय-परीक्षक भंडारा जिल्ह्यात होळीपासून मृगापर्यंत आढळतो. वय साठीच्या पुढे, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, सदऱ्याच्या खिशात मोजपट्टी आणि पायांत रबरी चप्पल. चप्पल महत्त्वाची, कारण ती तो काढतो. दोन्ही पायांतली नाही, फक्त डावी. नवी गच्ची, नवे अंगण किंवा स्विमिंग पूलभोवतीचा नवा कोबा दिसला की तो न बोलावता तिथे पोचतो, डावी चप्पल काढतो, तळपाय सिमेंटवर टेकवतो आणि डोळे मिटतो. मिस्त्री थापी खाली ठेवतो, मालक फोन कानापासून दूर धरतो, सगळे निकालाची वाट बघतात. त्याला कुणी काही विचारलेले नसते. तरी वाट बघतात. असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असतोच, आणि वाचकांना आपल्या गावातला कोणता ते एव्हाना आठवलेही असेल.

या जातीचा उदय अलीकडचा आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या पोरे पोहायला शिकली. तिथे पाळ मातीची, वर झाडांची सावली. पाय भाजण्याचा प्रश्न कुणी परीक्षेला ठेवला नव्हता. पुढे महामार्गाच्या कडेला लग्नाची लॉन आली, राइस मिलवाल्यांची फार्महाऊस आली, नागझिरा आणि कोका अभयारण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रिसॉर्ट आली. पाण्याने भरलेल्या जिल्ह्यात निळ्या टाइल्स लावून पुन्हा पाणी भरण्याची चाल पडली. पाण्याची काळजी मोटर आणि क्लोरीन घेतात. पाण्यापासून खुर्चीपर्यंतच्या वीस पावलांची काळजी कुणी घ्यायची, या रिकाम्या जागेवर परीक्षकाने स्वतःची नेमणूक करून घेतली.

त्याची पात्रता विचारली तर तो ‘गोसेच्या कालव्यावर होतो जी’ एवढेच सांगतो. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द प्रकल्पाच्या कालव्यांची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही शिफारस आहे की कबुली, हे पटकन कळत नाही.

परीक्षेची वेळ दुपारी दोन ते तीन. सकाळी अकराला बोलावले तर तो येत नाही, न बोलावता दोनला येतो. डावी चप्पल काढून तो मनात आकडे मोजतो. दहापर्यंत पाय टिकला तर उत्तीर्ण. पाचाच्या आत उचलला तर मालकाकडे अशा नजरेने बघतो, की त्या माणसाला आपण पूल नव्हे, अनधिकृत भट्टी बांधली आहे असे वाटावे. कुणी रंगीत माहितीपत्रक पुढे केले तर उत्तर ठरलेले: ‘कागद नोको दाखवू बापा. पायाले पूस.’

या पद्धतीला हसण्याआधी ऊन समजून घ्यायला हवे. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि भंडारा तिथून साठेक किलोमीटरच पूर्वेला आहे. ही नोंद सावलीतल्या हवेची असते. दिवसभर उन्हात पडलेला गडद कोबा तिच्या कितीतरी पुढे, साठ अंशांपलीकडे जातो. त्यातही पाय भाजणे एकट्या तापमानावर ठरत नाही. वस्तू आपली उष्णता कातडीला किती झपाट्याने देते आणि तळव्याचा किती भाग तिला टेकतो, या दोन गोष्टी त्यात येतात. म्हणून एकाच उन्हातले लोखंडी झाकण चटका देते आणि लाकडी पाट सोसवतो. एका लॉनवर नागपूरहून आलेल्या तरुण इंजिनिअरने तापमान मोजण्याची बंदूक रोखून दोन चौकोनांचे आकडे वाचले. एक चौकोन गुळगुळीत, दुसरा खरखरीत, रंग एकच. आकडे जवळजवळ सारखे आले. परीक्षकाने डावी चप्पल काढली. गुळगुळीतावर चार मोजले, खरखरीतावर नऊ. इंजिनिअरने बंदूक पुन्हा तपासली. बंदूक बरोबर होती. पायही बरोबर होता, कारण खरखरीत पृष्ठावर तळवा उंचवट्यांवरच टेकतो आणि मधल्या खाचा मोकळ्या राहतात.

फिनिशच्या प्रकारांबद्दल परीक्षकाची मते पक्की असतात आणि त्यांतली बरीचशी, नाइलाजाने सांगावे लागते, खरी असतात.

घोटाईवर त्याचा राग सर्वांत जुना. मिस्त्रीला घोटाई प्राणप्रिय असते. ओल्या कोब्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून तो लोखंडी थापीने इतके घोटतो, की त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसू लागतो. घरातल्या बैठकीला ते शोभते. पूलभोवती पाणी सांडले, की वरातीतले नाचरे वऱ्हाडी तिथे न नाचताच आडवे होतात. शिवाय कोरड्या सिमेंटचा तो वरचा थर उन्हात भराभर सुकतो आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उठते. परीक्षक अशा कोब्यावर चप्पल काढतच नाही. हा त्याचा तीव्र निषेध समजावा.

छापाचा कोबा, म्हणजे रबरी साचे दाबून दगडी फरशीचा आभास आणलेला, मालकांना गोव्याच्या सहलीनंतर हवासा वाटतो. त्यावर चकाकीसाठी सीलर मारतात. सीलरने रंग गडद होतो, गडद रंग ऊन जास्त पितो आणि ओला सीलर घसरतो. त्यात बारीक रेती किंवा खर मिसळली तर घसरण कमी होते, पण तापणे तसेच राहते. इथे डावा पाय तीनपर्यंत पोचल्याची नोंद नाही.

वरचे सिमेंट धुऊन आतले खडे उघडे ठेवण्याची रीत देखणी. वैनगंगेचे फिकट, गोल गोटे घेतले तर तापायलाही बरी. पण चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या तुमसर तालुक्यात एका मालकाला जिल्ह्याच्या अभिमानापोटी काळ्याभोर खड्यांची हौस आली. परीक्षकाने डावी चप्पल काढली, पाय टेकवला आणि आकडे न मोजता चप्पल घातली. पुढे काही बोलला नाही. त्या मालकाने पुढच्याच आठवड्यात सगळ्या कोब्यावर हिरवी जाळी बांधून घेतली.

पांढऱ्या सिमेंटला तो सर्वांत जास्त गुण देतो, आणि इथेच त्याच्या पद्धतीतली मोठी त्रुटी उघडी पडते. नवा करडा कोबा ऊन साधारण ३५ ते ४० टक्के परतवतो, जुना व मळका झाला की त्याहून कमी. पांढऱ्या सिमेंटचा स्वच्छ कोबा ७० टक्क्यांच्याही वर परतवू शकतो. पायाला तो गार लागतो हे निःसंशय. पण परतवलेले ऊन कुठेतरी जाते, आणि ते नेमके डोळ्यांत जाते. मे महिन्यात शुभ्र कोब्यावर उघड्या डोळ्यांनी उभे राहवत नाही. परीक्षक पाय टेकवताना डोळे मिटतो, त्यामुळे हा दोष त्याच्या नजरेस आजवर आलेला नाही. जाणकार म्हणूनच साईचा किंवा फिकट बदामी रंग सुचवतात.

त्याची खरी हौस मात्र मिठात आहे. कोबा ओला असताना त्यावर जाडे मीठ पेरायचे, हलक्या हाताने दाबायचे, सिमेंट घट्ट झाल्यावर पाण्याने धुऊन टाकायचे. मीठ विरघळते आणि मागे बारीक खळगे राहतात. पाय घसरत नाही, टोचतही नाही. जिथे पाणी गोठते अशा देशांत खळग्यांतले पाणी बर्फ होऊन कोबा फोडते. भंडाऱ्याला ती भीती नाही. अडचण एवढीच, की कोबा उन्हाळ्यात होतो आणि कैरीचे लोणचेही उन्हाळ्यातच. परीक्षक साइटवरूनच मालकाच्या स्वयंपाकघरात निरोप धाडतो आणि बरणीसाठी आणलेले जाडे मीठ मागवून घेतो. तुमसर ते पवनी या पट्ट्यात निदान काही घरांत त्याचे नाव लोणच्याच्या संदर्भात, आणि आदराने नव्हे, घेतले जाते.

साध्या गृहस्थासाठी त्याची शिफारस झाडूची. रंध्याने सारखा केलेला कोबा किंचित आवळला, की त्यावरून मऊ झाडू एकाच दिशेने ओढायचा. रेघा उताराच्या दिशेने, म्हणजे पाणी त्यांतून वाहून जाते. उतार पन्नासास एक आणि पूलपासून बाहेरच्या बाजूला, नाहीतर अंगणातली माती पाण्यात येते. रेघा खोल गेल्या तर लहान मुलांचे गुडघे सोलतात. खर्च म्हणाल तर झाडूचा. त्यामुळेच मालकांना तो कमीपणाचा वाटतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी मुलखात पूलभोवती खास गार राहणारे पातळ थर आणि ॲक्रिलिकचे लेप चालतात. तसले लेप आता नागपूरहूनही मागवता येतात. एका रिसॉर्टवर असा नमुना चौकोन करून परीक्षकाला मुद्दाम बोलावले. डावा पाय दहा मोजूनही जागचा हलला नाही. मग त्याने दर विचारला, दर ऐकला, आणि चप्पल घालताना त्याचा तोल गेला.

फिनिश कोणतेही निवडा, भंडाऱ्याच्या उन्हात ते तराईवर, म्हणजे कोबा ओला ठेवण्यावर, टिकते. हवा ४० अंशांच्या वर गेली की भारतीय मानक ७८६१ त्याला उष्ण हवामानातले काँक्रीट म्हणते आणि वेगळी काळजी घ्यायला सांगते: रेती-गिट्टी सावलीत, पाणी गार, ओतण्याचे काम संध्याकाळी. मानक ४५६ उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस ओल ठेवायला सांगते. परीक्षकाने हे क्रमांक कधी ऐकलेले नाहीत. तो ‘चौदा दिवस’ म्हणतो आणि मालक लग्नाची पत्रिका दाखवतो, ज्यात मुहूर्त नवव्या दिवसाचा असतो. या भांडणात पत्रिका जिंकते. भेगा पुढच्या उन्हाळ्यात दिसतात, तोवर आहेराची पाकिटे मोजून झालेली असतात.

तराईच्या काळात त्याचा एक हट्ट असतो. सगळ्या कोब्यावर धानाचे तणीस पसरून भिजवायचे, आणि पाण्याच्या टाकीपासून कोब्यापर्यंतच्या वाटेवरही ओली बारदाने टाकायची. कोब्यावरचे तणीस शास्त्रात बसते. वाटेवरची बारदाने कोणत्याच मानकात नाहीत, कारण ती वाट जुनी आणि मुरमाची आहे. तिला तराई लागत नाही. तिच्यावरून दिवसभर रेजा घमेली आणि पाण्याचे डबे घेऊन फिरतात, बहुतेक झिजलेल्या चपलांनी, काही अनवाणी. पाहुण्यांच्या वीस पावलांसाठी माहितीपत्रके, बंदुका आणि नमुना चौकोन आले. या बायांच्या दिवसभराच्या फेऱ्यांसाठी नमुना कुणी केला नाही. ठेकेदार बारदानांचा हिशेब मागतो तेव्हा परीक्षक ‘तराई हाय जी’ म्हणून खोटे बोलतो. त्याच्या तोंडून निघालेले एवढेच चुकीचे तांत्रिक विधान जिल्ह्यात ऐकू येते.

राहिला प्रश्न, डावीच चप्पल का. ओल्या काँक्रीटची अल्कता १२ ते १३ पीएचपर्यंत असते. तासन्‌तास संपर्क राहिला तर ते कातडी जाळते, आणि गंमत अशी की जळताना फारसे कळत नाही. कालव्याच्या दिवसांत गमबूट साहेबांसाठी यायचे. ज्या पिढीने स्लॅब नि अस्तर अनवाणी तुडवले, तिच्यात एखादा तळपाय कायमचा बधिर झालेले मिस्त्री आजही भेटतात. परीक्षकाचा उजवा पाय त्यांपैकी आहे. निखाऱ्यावर ठेवला तरी तो दहा मोजेल, म्हणून परीक्षेला बसत नाही. हे तो स्वतः सांगत नाही; विचारले तर ‘उजवा पाय सरकारी हाय, त्याचा अहवाल चालत नाही’ म्हणतो. एवढी हुशारी असलेल्या माणसाला चहा विचारायला हरकत नसावी, तरी पुष्कळ मालक त्याला पाहताच फाटक लावून घेतात, आणि मग रात्री फोन करून कोणता रंग बरा ते विचारतात.

मृगाचा पाऊस झाला की कोबा आपोआप गार होतो. परीक्षक रोवणीकडे वळतो. पावसाळ्यात प्रश्न बदलून शेवाळाचा होतो: खळग्यांत नि रेघांत हिरवे धरते, तेव्हा ब्रशने घासावे लागते, उतार चुकलेल्या जागी पाणी साचते आणि सीलर लावला असेल तर तो ठरावीक वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. यावर परीक्षक मत देत नाही. शेवाळ हा त्याच्या साकोलीच्या मेहुण्याचा विषय आहे, आणि मेहुणा गेल्या श्रावणात प्रात्यक्षिक दाखवताना पडल्यापासून घरीच असतो.