छौऍ

आमच्या सोसायटीत मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात. या लौकिकाला आधार दोनच. एक, वीस वर्षांपूर्वी केलेली एमएस-सीआयटी. दुसरा, सेक्रेटरींच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला होता. त्यामुळे सोसायटीच्या वेबसाइटवरची नोटीस बदलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला 'नाही' म्हणायला जरा उशीर झाला.

वेबसाइट माझ्या भाच्यानं करून दिलेली. नोटीस सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये, एकाच लांबलचक ओळीत. व्हॉट्सॲपवर लिहितात तशी, इंग्रजी अक्षरांतली मराठी. सभेची वेळ सकाळी दहाची संध्याकाळी सहा करायची, एवढंच. "मामा, विम उघड, ओळ बदल, बंद कर. दोन मिनिटांचं काम," भाचा फोनवर म्हणाला.

विम, म्हणजे फाइलमधला मजकूर बदलायचा प्रोग्रॅम, उघडलं तर काळ्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचं आवाहन. मला वाटलं, आता ओटीपी मागणार. "खरं आहे ते," भाचा म्हणाला. विम लिहिणारे ब्राम मोलेनार यांनी ते १९९१ पासून फुकट दिलं. आवडलं तर त्या मुलांसाठी पैसे द्या, एवढंच मागणं. मी मनोमन ओशाळलो आणि फाइल उघडली.

वाक्याची सुरुवात कॅपिटल अक्षरानं करायची, हा शाळेतला संस्कार. 'संध्याकाळी' लिहायला मोठा एस दाबला आणि अख्खी ओळ गायब. तारीख, स्थळ, विषयपत्रिका, गणसंख्येअभावी अर्ध्या तासानं तिथेच होणारी सभा, सगळं गेलं. विममध्ये सुरुवातीला प्रत्येक अक्षर हा हुकूम असतो. लिहायचं तर आधी आय दाबून तशी परवानगी घ्यायची. मोठ्या एसचा हुकूम म्हणजे ही ओळ पुसा आणि नव्यानं लिहा. उरलेली अक्षरं मात्र त्यानं इमानानं उतरवून घेतली होती: 'अंध्याकाळी ६ वाजता'.

घाबरून सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. सेव्ह होईल म्हणून. पडदा थिजला. मग मी सगळ्या कळा बडवल्या. कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलला 'थांब', ही टेलिटाइपच्या काळातली खूण, हे भाच्यानं नंतर सांगितलं. त्याच्या सल्ल्यानं कंट्रोल-क्यू दाबलं, तशी मी बडवलेली सगळी अक्षरं एकदम बाहेर आली, लग्नाच्या पंगतीत दार उघडल्यासारखी.

"कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. न सेव्ह करता बाहेर," भाच्याचा मेसेज आला. त्याला कॉम्प्युटरवरूनच उत्तर लिहिताना मी कीबोर्ड मराठीवर नेला होता, इन्स्क्रिप्टवर. तो तसाच राहिला. इन्स्क्रिप्टमध्ये कोलनच्या जागी छ, क्यूच्या जागी औकार आणि उद्गारचिन्हाच्या जागी ऍ. पडद्यावर उमटलं: छौऍ. मी पुन्हा दाबलं. छौऍछौऍ. तिसऱ्यांदा जरा जोर लावून.

"मामा, आधी एस्केप!"

एस्केप ही कळ मी आजवर फक्त पडदाभर झालेला व्हिडिओ लहान करायला वापरली होती. कोपऱ्यातली एवढ्या लांबची कळ विमला का लागते, तर विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे एडीएम-३ए टर्मिनल होतं, आणि त्यावर एस्केप आपल्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टोकाशी. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी मी बर्कलीत असतो, तर सुटलो असतो.

एस्केप दाबल्यावर छौऍसुद्धा उमटेना. नुसता टुक टुक आवाज. खिडकीची फुली दाबायची हिंमत नव्हती. सोसायटीच बंद पडली तर? कीबोर्ड इंग्रजीवर आणला आणि 'मागे जा' म्हणून कंट्रोल-झेड दाबलं. आणि काय सांगू, विम गेलं! मी चहा टाकला.

कप हातात घेऊन, खात्री करावी म्हणून तीच फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा: ही फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये चालू असावी, जपून. मी उभाच राहिलो. चौथ्या मजल्यावरच्या त्या माजी खजिनदारांशिवाय हे कोण करणार? "अरे, आपल्यात कोणीतरी घुसलंय!" मी भाच्याला म्हणालो.

"मामा, तूच आहेस तो. कंट्रोल-झेडनं विम बंद होत नाही, मागे जाऊन बसतं."

विममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता, असं त्यानं समजूत घालायला सांगितलं. पण ते लोक निदान एकदाच अडकले असणार. मी दोन ठिकाणी अडकलो होतो, आणि स्वतःवरच संशय घेत होतो.

इशाऱ्याखालच्या पर्यायांत 'रिकव्हर' दिसलं. म्हटलं, हरवलेली ओळ परत येईल. आर दाबलं. आलं ते छौऍ. तोवर फोनची बॅटरी संपलेली. मग कुठेतरी वाचलेलं एकच आठवलं: कोलन, डब्ल्यू, क्यू. विम लगेच, अगदी निमूटपणे, बंद झालं. डब्ल्यू म्हणजे सेव्ह, हे फोन चार्ज झाल्यावर कळलं.

सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइल पुढे धरला. "अहो, सभेला हे छौऍ कोण येणार आहेत? नवे ऑडिटर का?"

"हो," मी म्हटलं, "पण ते अजून आतच आहेत."