सविनय हरकतदार

दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर ज्याला सोसत नाही, तो सोसण्याचे आपल्यावर कायद्यानेही बंधन नाही हे ज्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही ‘बाहेर जाऊन ओढा’ हे तीन शब्द उच्चारण्यापूर्वी ज्याच्या जिभेवर तीन पिढ्यांचे संस्कार येऊन बसतात, अशा व्यक्तीस येथे ‘सविनय हरकतदार’ म्हटले आहे. हरकतदार हा शब्द मुळात जमिनीच्या दप्तरातला असून तलाठ्याने फेरफाराची नोंद धरल्यावर ठरलेल्या मुदतीत जो लेखी आक्षेप घेतो, त्याला तो लावला जातो. प्रस्तुत हरकतदाराची मुदत मात्र एक सिगारेट जळून संपेपर्यंतचीच असते, आणि तिच्यातला बराचसा काळ समोरच्याला ‘दादा’ म्हणावे की ‘साहेब’, हे ठरवण्यात खर्ची पडतो.

या वर्गाची कायदेशीर वंशावळ रेल्वेच्या डब्यात सापडते. 1890 च्या रेल्वे अधिनियमानुसार डब्यातील सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूम्रपान करणाऱ्यास वीस रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. म्हणजे तोंड उघडण्याचे काम ओढणाऱ्याचे होते आणि इतरांना नुसते गप्प राहूनही नकार देता येत होता. 1989 च्या अधिनियमातील कलम 167 ने दंड शंभर रुपयांपर्यंत वाढवला खरा, परंतु त्याच्या पहिल्या पोटकलमात मनाई लागू होण्यासाठी डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेणे आवश्यक ठरवले. नव्याण्णव वर्षांत दंड पाचपट झाला आणि तोंड उघडण्याची जबाबदारी अलगद समोरच्या बाकावर सरकली, हा बदल मसुदा लिहिणाऱ्यांना किरकोळ वाटला असेल. ज्या समाजात जेवणाच्या पंगतीत मीठ मागायलाही माणसे संकोचतात, तेथे तो मुळीच किरकोळ नव्हता. पुढे मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदीचा आदेश दिला, 2003 मध्ये कायदा झाला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून, म्हणजे नेमक्या गांधीजयंतीला, त्याखालचे नवे नियम अमलात आले. आता संमतीही नको आणि हरकतही नको. मनाई आहे ती आहेच. हे हरकतदाराला समजलेले असते, उमजलेले नसते.

त्याचे पहिले शस्त्र म्हणजे खाकरणे. खोकणे आपोआप होते आणि खाकरणे हेतुपुरस्सर केले जाते, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. जुन्या वाड्यांत घरातला कर्ता पुरुष माजघराकडे येताना खाकरत असे, आणि त्या एका आवाजावर सुना पदर सावरीत, तर माडीवरचे चिरंजीव हातातले थोटूक कौलांवर भिरकावून पाठ्यपुस्तक उघडीत. हरकतदाराला हीच किमया अपेक्षित असते. परंतु परक्याच्या खाकरण्यात अधिकार नसतो, केवळ आजारपण ऐकू येते. धूम्रपान करणारा गृहस्थ मनाने वाईट नसल्यामुळे तो चौकशी करतो, ‘हवा बदललीय, जपा’ असे सांगतो, गवती चहात आले किती घालावे याची कृती देतो, आणि कृती सांगताना प्रत्येक जिन्नसामागे एक झुरका घेतो.

त्यानंतर वाणीचा प्रयोग होतो. संबोधन म्हणून ‘काका’ निवडले तर लढाई तेथेच संपते, कारण काकांना शिकवायचे नसते. ‘साहेब’ म्हटल्यास अर्ज केल्यासारखे वाटते. उरतो तो ‘दादा’, आणि त्यापुढे हरकतदार आपले ठरलेले वाक्य उच्चारतो: ‘दादा, राग मानू नका हं, आपली काही हरकत नसेल तर…’ ज्याला हरकत घेण्याचा हक्क मिळाला, तोच समोरच्याच्या हरकतीची विचारपूस करू लागतो, हे वाक्य विधी महाविद्यालयांत शिकवण्याजोगे आहे. एवढ्याने न भागल्यास तो स्वतःला दमा असल्याचे सांगतो. हा दमा पुढे चांगलाच महागात पडतो. कचेरीतल्या कचेरीत हा प्रकार घडला असेल, तर निवृत्तीपर्यंत त्याला त्या सहकाऱ्यासमोर जिना थांबत थांबत चढावा लागतो.

समोरचा मनुष्य सभ्य निघाला, तर संकट अधिकच वाढते. तो सिगारेट धरलेला हात खुर्चीखाली नेतो आणि ओढायचे थांबवून क्षमायाचना करू लागतो. धुराचे दोन प्रकार मानले जातात: ओढणाऱ्याच्या छातीतून फिरून बाहेर येणारा एक, आणि जळत्या टोकावरून थेट हवेत मिसळणारा दुसरा. शेजाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या धुरात या दुसऱ्याचाच वाटा मोठा असतो, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या काळात तंबाखू कमी तापमानावर धुमसत असल्याने त्यातील काही विषारी द्रव्यांचे प्रमाणही जास्त असते. त्यामुळे क्षमायाचना जितकी लांबते, तितका हरकतदार अधिक धूर गिळतो, आणि वर ‘छे छे, तसं काही नाही’ असे म्हणत तीही लांबवतो.

वास्तविक 2008 च्या नियमांनी त्याच्यासाठी साठ गुणिले तीस सेंटिमीटरच्या फलकाची सोय केली असून तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नावही ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. फलकावरचे नाव पक्क्या रंगात असते. अधिकारी मात्र बदली होऊन गेलेले असतात. गृहनिर्माण संस्थेत हरकतदार सूचनाफलकाचा आश्रय घेतो आणि ‘काही सभासदांकडून जिन्यात धूम्रपान होत असल्याचे निदर्शनास आले आहे’ अशी कर्ता नसलेली सूचना लावतो. ती दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या सभासदांविषयी असते, ते गृहस्थ ती जिन्यातच उभे राहून, ओढत ओढत, संपूर्ण वाचतात आणि ‘कोण आहेत हे लोक?’ म्हणून त्याच्यापाशीच संताप व्यक्त करतात. घरच्या कार्यात तर व्याह्यांनी मांडवात सिगारेट पेटवल्यास हरकतदाराने काडीपेटी पुढे केल्याचेही आढळते, कारण मुलीच्या सासरच्या माणसांपुढे कोणतेही कलम चालत नाही.

क्वचित त्याला यशही येते. दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा उच्चारही न करता, निव्वळ चेहऱ्यावरची कळा पाहून समोरचा विरघळतो आणि म्हणतो, ‘एवढी अर्धी उरलीय, संपवतो आणि टाकतो.’ या विजयाने हरकतदार इतका ओशाळतो, की पंगतीत यजमानाने आग्रह करताना म्हणायचे वाक्य त्याच्या तोंडून निसटते, ‘सावकाश होऊ द्या’, आणि मग ती अर्धी सिगारेट खरोखरच सावकाश होईपर्यंत तो श्वास रोखून शेजारी उभा राहतो.