निसर्ग वादळा, वाडीचा हिशेब बाकी आहे

निसर्गा,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायला हात धजत नाही. ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला तू किनाऱ्यावर चढलास आणि काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा उलटंपालटं करून घाटाकडे निघून गेलास. तुझं नाव बांगलादेशाने सुचवलेलं, वादळांच्या नव्या यादीतलं पहिलंच. ज्या निसर्गाचं नाव सांगून आम्ही पाहुण्यांना इकडे बोलावतो, तेच नाव लावून तू आमच्या घरात शिरलास.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरती, बेगमी नुकतीच झाली होती. तांदूळ, सुकी मासळी, पडवीत रचलेली लाकडं. मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. त्यात करोनाची टाळेबंदी, चाकरमानी घरी परतलेले. तू छपरं उचललीस आणि चार महिन्यांचं अन्न भिजवलंस. विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत महिना उलटला तरी दिवा लागला नाही. पत्रे मिळेनात, लोकांनी ताडपत्रीखाली पावसाळा काढला.

घरं पुन्हा उभी राहिली. माझं भांडण वाडीवरून आहे, नारळ-सुपारीच्या बागेवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो तर डोक्यावर आभाळ होतं. आमच्या वाडीत आभाळ कधी दिसत नसे. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेली मिरवेल, सावलीला जायफळ. माड तू मुळासकट लोळवलेस, पोफळी मात्र मधूनच मोडल्यास. मोडल्या जागी तंतू पिंजून बाहेर आले होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. हिरव्या सुपाऱ्यांचे घोस चिखलात. वडिलांनी एका बुंध्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि तोवर तिला सावलीही लागते. ती सावलीच तू नेलीस. सरकारी मदत आधी हेक्टरी ५० हजार रुपये ठरली. पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, झाडं दाटीने लावलेली. हेक्टराच्या मापात हाती काय येणार? बागायतदारांनी आवाज उठवल्यावर झाडामागे हिशेब झाला, सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये. पन्नास रुपयांत मोडकं खोड वाडीबाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही.

तू ज्या दर्यातून आलास, त्यात विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. आमच्या अलिबागच्या सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, पाण्याखालचं पठार. त्यावर प्रवाळ वाढतं, काही जाती तर वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. तुझ्यासारख्यांच्या लाटा त्याच्या फांद्या मोडतात, ढवळलेली वाळू आणि गाळ त्याच्यावर बसतो. पोफळ मोडली की पंचनामा होतो. पाण्याखाली पंचनाम्याला कोण जाणार? एक गोष्ट तुझ्या बाजूने सांगायला हवी: वादळ खालचं गार पाणी वर आणतं, आणि उन्हाळ्यात तापून पांढऱ्या पडू लागलेल्या प्रवाळाला त्याने थोडा दिलासा मिळू शकतो.

पण प्रवाळाचा आणि आमचा वैरी एकच आहे, तापलेलं पाणी. त्याच उबेवर तू पोसलास. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलंय की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. २००९ च्या फयान वादळानंतर आम्हाला जवळपास अकरा वर्षं मिळाली होती. तुझ्यानंतर एक वर्षही पुरं झालं नाही, १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि आम्ही नुकती बसवलेली कौलं पुन्हा गोळा केली. दर्या तापवणाऱ्या धुरात आमच्या वाडीचा वाटा केवढा? चुलीएवढा. भरपाई मात्र आम्हीच करतोय.

इथल्या समुद्रांत वादळाचं नाव एकदा वापरलं की पुन्हा देत नाहीत, म्हणून तुझं नाव आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. आमच्याकडे ते रोज निघतं. रोप विकत घेताना, वाटण्या करताना, बुंध्यावर हात ठेवून म्हातारे सांगतात, ही पोफळ निसर्गाच्या आधीची, ही नंतरची. आमच्या वाडीत आधीच्या अकरा उरल्या आहेत.