वेल्ड मोडावे कसे : नवशिक्यांसाठी

स्टेनलेसचे वेल्ड तपासायला निघताना खिशातले लोहचुंबक घरीच ठेवा. नव्या इन्स्पेक्टरचा पहिला पराक्रम ठरलेला असतो. 304 ग्रेडच्या प्लेटला चुंबक चिकटत नाही, वेल्डपाशी मात्र जरासे ओढले जाते, की हा ‘माल भेसळीचा आहे’ म्हणून शॉपभर ओरडतो. वेल्डमध्ये चुंबकाकडे ओढले जाणारे थोडे फेराइट मुद्दाम राखलेले असते. ते नसेल तर वितळलेला धातू गोठतानाच तडकण्याचा धोका असतो. तुमचे ओरडून होईपर्यंत हे कुणी सांगणार नाही; वेल्डरलाही करमणूक हवी असते.

मग मोडून बघण्यासाठी वेल्डचा नमुना-तुकडा तयार करवून घ्या. त्यासाठी सर्वांत मुरलेला वेल्डर बोलवावा, फिलर वायरचे नवे पाकीट फोडावे, मागच्या बाजूने आर्गॉन सढळ सोडावा, पंखे बंद करावेत. साहेब तपासायला येणार म्हणून शाळेत फळा धुतात, तो हा दिवस. खऱ्या टाकीच्या वेळी आर्गॉन नेमका ‘संपत आलेला’ असतो आणि रूटवर, म्हणजे वेल्डच्या मागच्या अंगाला, काळी, खरबरीत साखर धरते. तुकड्यावर ती कधीच धरत नाही.

टेन्साइल टेस्ट सोपी. तुकडा यूटीएमच्या, म्हणजे ओढून तोडणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात द्यायचा आणि लांब उभे राहायचे. 304 ला किमान 515 मेगापास्कल, 304एल ला 485. वेल्ड शाबूत राहून प्लेट तुटली की वेल्डरकडे कौतुकाने बघायचे. आलेखात ठळक यील्ड पॉइंट शोधू नका. तो साध्या पोलादाचा गुण. इथे 0.2 टक्क्यांवर रेघ मारून काम भागवतात.

खरा तमाशा बेंड टेस्टचा. अमेरिकन एएसएमई कोडच्या रिवाजाने 10 मिलिमीटरची पट्टी 40 मिलिमीटर व्यासाच्या फॉर्मरवर 180 अंशांत वाकवायची. बाहेरची बाजू सुमारे 20 टक्के ताणली जाते आणि वेल्डच्या पोटात दडलेले सगळे बाहेर येते. त्याआधी वेल्डचा उंचवटा घासून सपाट करावा; घासल्याच्या रेघा मात्र पट्टीच्या लांबीला धरून हव्यात. आडवा ओरखडा राहिला तर भेग तिथूनच सुरू होते आणि ग्राइंडरच्या पापाचे खापर वेल्डरवर फुटते. बाकाच्या बाहेरच्या अंगावर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी उघडी भेग दिसली की नापास. कोपऱ्यावरची भेग सहसा धरत नाहीत. ती आतल्या दोषातून निघाल्याचा स्पष्ट पुरावा असेल तरच धरतात. या एका सवलतीवर खरेदीदाराचा माणूस आणि तुमचा मॅनेजर दुपारचा चहा थंड होईपर्यंत भांडू शकतात. तुम्ही भिंग हातात धरून गंभीर राहा.

टाकी द्रवरूप नायट्रोजनची असेल तर इम्पॅक्ट टेस्टही आलीच. 10 बाय 10 बाय 55 मिलिमीटरचा, खाच पाडलेला तुकडा उणे 196 अंशांना गारठवायचा आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत हातोडा सोडायचा. साहेबांचा फोन याच पाच सेकंदांत येतो. घेऊ नका. इथे ते सुरुवातीचे फेराइट जास्त झालेले असेल तर वेल्ड ठिसूळ निघते.

एवढे सगळे पास झाले तरी वेल्ड सडू शकते. 425 ते 850 अंशांच्या पट्ट्यात धातू फार वेळ रेंगाळला की कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड बसते आणि शेजारचे क्रोमियम घटते. यूटीएमला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत ठेवलेला ‘एल’ ग्रेड घेतात. आणि तुकडा मोरचूद घातलेल्या गंधकाम्लात, तांब्याच्या सान्निध्यात, उकळून मग वाकवतात. तेव्हा भेगा पडल्या तर ती टाकी दुधाच्या डेअरीला पाठवू नका.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते, की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. ती ओळ मॅनेजरना मोठ्याने वाचून दाखवा, आणि सही करण्याआधी टॉर्च घेऊन मॅनहोलमधून टाकीत उतरा. रूट स्वतःच्या डोळ्यांनी बघा.