मध्यम

ग्लासगोचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, या जूनमध्ये यॉट भाड्याने घेतोय. हेब्रिडीज बेटं बघू." मला लगेच डेकवरची खुर्ची, लिंबू सरबत आणि मावळता सूर्य दिसू लागले. भाड्याच्या गाडीत आपण मागे बसायचं आणि पुढच्याने गाडी हाकायची, एवढंच माझं भाड्याचं ज्ञान. ओबनच्या धक्क्यावर तांडेलाने आम्हा पाचजणांना ओळीत उभं केलं, लाइफजॅकेटं चढवली आणि कोणी कुठला दोर ओढायचा ते सांगितलं. इथे खलाशानेच भाडं भरायचं असतं, हे तेव्हा उमजलं.

तांडेल स्कॉटिश, सत्तरीचा आणि मितभाषी. सगळं बोलणं रेडिओवर सोडून द्यायचा. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे 31 भाग पाडलेत आणि बीबीसी त्या प्रत्येकाचं हवामान गंभीर आवाजात वाचून दाखवते. आमच्या वाट्याला मॅलिन आणि हेब्रिडीज. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे डायरीत रकाने आखून नोंदी ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. या निवेदनात प्रत्येक शब्दाला माप असतं. वादळ 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे त्याच्याही पुढे. आमच्या घरी 'निघालोच' याचा अर्थ माणूस आंघोळीला गेलाय असा होतो, म्हणून मला या काटेकोरपणाचं फार कौतुक वाटलं.

"लाटा मॉडरेट," मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून दाखवलं. "म्हणजे मध्यम. काळजी नको."

मध्यम हा शब्द आपल्याला हॉटेलातून माहीत. मध्यम तिखट सांगितलं की पोरंही खातात. वाराही चार नंबरचा होता. ब्यूफोर्ट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याला नंबर द्यायला सुरुवात केली. त्याच्या नावाच्या तक्त्यात चार नंबरच्या वाऱ्याचं नावही मध्यमच, वेग 11 ते 16 नॉट. सगळीकडे मध्यम म्हटल्यावर बायकोने बटाट्याची भाजी आणि पोळ्या काढल्या.

आदल्या दिवशी ओबनहून टोबरमोरीला आलो होतो तो मल बेटाच्या आडोशाने. पाणी ताकासारखं निवांत होतं आणि टोबरमोरीची लाल-पिवळी-निळी घरं रंगपेटी उघडून ठेवल्यासारखी दिसत होती. आता मलला वळसा घालून पश्चिमेला आलो आणि बेटांचा आडोसा संपला. समोर नुसता अटलांटिक. निवेदनातल्या 'मध्यम' लाटेची उंची सव्वा ते अडीच मीटर असते, हे भाच्याने तेव्हा सांगितलं. अडीच मीटर म्हणजे आमच्या पुण्याच्या घराचा पोटमाळा. तो समोरून चालत येत होता. बोट कलंडली, भाजीचा डबा एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोचला आणि मेहुण्यांनी डायरी मिटली.

"बिट लंपी," तांडेल म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे सर्वात लांब वाक्य.

स्टॅफा बेट दिसलं तेव्हा मी कठड्याला मिठी मारून होतो. 1829 साली वीस वर्षांचा मेंडेल्सन इथली फिंगल्स केव्ह बघायला आला आणि त्यालाही जोरदार बोट लागली होती, हे कळल्यावर जरा धीर आला. पुढे त्याने 'द हेब्रिडीज' ही अजरामर सुरावट लिहिली. माझ्याकडून मात्र जे बाहेर पडलं त्याला सुरावट म्हणता येणार नाही. रबरी होडीतून कसेबसे उतरलो. काळ्या पाषाणाचे खांब, बहुतेक षट्‌कोनी, कोणीतरी आरास मांडावी तसे ओळीने उभे, आणि गुहेत लाट शिरली की आतून ढोल घुमल्यासारखा आवाज. गप्प उभं राहावं असंच ते ठिकाण आहे. पण भाच्याला माहिती आवरत नाही. "लाव्हा निवताना आकसतो, तडे जातात, त्यातून हे खांब. सहाएक कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असेच खांब आहेत की."

बायकोने ओल्या बुटांतलं पाणी ओतलं. "अंधेरीला रिक्षा जाते," ती म्हणाली.

आर्डनामर्खनच्या भूशिराला वळसा घालून आलेल्या बोटीने नाळेवर हेदरच्या फुलांची जुडी बांधून मिरवायची, असा इकडे रिवाज आहे. तिसऱ्या दिवशी तिकडे निघालो, पण रेडिओने पाच, पुढे सहा सांगितलं आणि तांडेलाने न बोलता सुकाणू फिरवलं. बोटीवर त्याच्याइतका देखणा माणूस नाही असं मला त्या क्षणी वाटलं. फुलं राहिली.

संध्याकाळी लॉख सुनार्टमध्ये, झाडीने वेढलेल्या एका कोपऱ्यात नांगर टाकला. लॉख म्हणजे इथे आपली खाडीच. रात्री वारा पडला. पाणी आरशासारखं झालं. दोन दिवस ज्याच्यासाठी गणपतीला साकडं घातलं होतं ते मिळालं. साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. डेकवर चहा घेऊन बसलो. माझी ती खुर्ची अखेर मला मिळाली.

आणि मिज आले. मोहरीपेक्षा लहान चिलटं, पण हजारांनी. कानात, भुवयांत, चहात. यांना वाऱ्यात उडता येत नाही, म्हणून वारा पडायचीच वाट बघत असतात. पाच मिनिटांत आम्ही सगळे खाली, दारं-खिडक्या लावून, घामाघूम, खाजवत. वर तांडेल एकटाच जाळीची टोपी घालून पाइप ओढत बसला होता.

रेडिओ लागला. मेहुण्यांनी डायरी उघडली. मॅलिन आलं, पुढे हेब्रिडीज. पाचहीजण श्वास रोखून ऐकत होतो.

"वारा चार," मेहुणे लिहिता लिहिता म्हणाले. "लाटा मॉडरेट."

बायकोने हात जोडले.