अप्पाकाकांचा बाँड

सिनेमा बघणारे लोक वेगळे आणि दाखवणारे वेगळे. बघणारा तिकीट काढतो, सिनेमा बघतो, घरी येऊन झोपतो. दाखवणाऱ्याचा सिनेमा बघून झालेला असतो. त्याला आता बघायचं असतं तुमचं तोंड.

माझे चुलत सासरे अप्पाकाका हे दुसऱ्या जमातीतले. एका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, मुक्काम कोथरूड. अधूनमधून रविवारी फोन येतो, "जावईबापू, काकूने साबुदाणा वडे केलेत." वड्यांच्या आड सिनेमा असतो हे मला माहीत असतं आणि जावयाला नाही म्हणता येत नाही हे काकांना माहीत असतं. बैठकीची व्यवस्था ठरलेली आहे. पाहुणा सोफ्याच्या मधोमध, काका टीव्हीशेजारी वेताच्या खुर्चीत, पडद्याकडे जवळजवळ पाठ करून. चांगला प्रसंग यायच्या आधी "आता बघा हं", प्रसंग चालू असताना उंचावलेल्या भुवया आणि संपल्यावर "काय?" या "काय?"ला सविस्तर उत्तर द्यावं लागतं. नुसत्या "वा"वर सुटका नाही.

त्यांचं दैवत म्हणजे १९६४चा 'गोल्डफिंगर'. कॉलेजात असताना कॅम्पातल्या वेस्ट एंडला बघितलेला. शॉन कॉनरी, ती चंदेरी अ‍ॅस्टन मार्टिन, तिची उडती सीट, शर्ली बॅसीचा आवाज. याची माहिती काकांकडे इतकी आहे की सिनेमा मध्ये मध्ये तिला अडथळा आणतो. खलनायक गेर्ट फ्रोबं जर्मन, त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून त्याचा आवाज दुसऱ्याच नटाचा आहे. टोपी फेकून मुंडकं उडवणारा ऑडजॉब, म्हणजे हॅरॉल्ड साकाटा, हा वजन उचलण्यात १९४८च्या लंडन ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलेला. "आणि त्याच लंडनला आपले खाशाबा जाधव सहावे आले होते!" हे सांगताना काकांचा आवाज भरून येतो. जणू दोघांनी एकाच खानावळीत डबा लावला होता.

या खेपेला माझी बायकोही आली. ती त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि काकांची लाडकी पुतणी. लाडक्या माणसाला काकांच्या "काय?"चं खरं उत्तर द्यायची मुभा असते, आणि तिथेच घोळ झाला.

सुरुवात मायामीच्या हॉटेलात झाली. बाँड पोहण्याच्या तलावाशी एका मुलीकडून मालिश करून घेतोय. सहकारी येतो, तेव्हा पुरुषांच्या गप्पा आहेत असं सांगून बाँड तिच्या पार्श्वभागावर चापट मारतो आणि तिला घालवून देतो. काकांच्या भुवया वर गेल्या. पुतणी म्हणाली, "काका, हे काय?"

"त्या काळी चालायचं गं."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "डेक्कनच्या बसमध्ये एकाने माझ्याशी हेच केलं होतं. चालतं का ते त्याला विचारा, माझी चप्पल अजून त्याच्या लक्षात असेल."

पुढे ती जगप्रसिद्ध सोनेरी बाई आली. अंगभर सोन्याचा मुलामा देऊन पलंगावर मारून टाकलेली. कातडीला श्वास घेता आला नाही म्हणून ती गुदमरली, असं बाँड गंभीरपणे सांगतो. काका गेली पन्नास वर्षं तितक्याच गंभीरपणे ते पुढे सांगत आलेत.

"कातडीने श्वास बेडूक घेतो, काका," पुतणी म्हणाली.

काकूंची हरकत वेगळीच होती. मोरारजीभाईंच्या सुवर्ण नियंत्रणात चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली, तेव्हा त्यांच्या मावशीचं लग्न तसल्या फिकट पाटल्यांवर उरकावं लागलं होतं. "इथे आम्ही गुंजेगुंजेला रडत होतो आणि हे मेले अंगाला फासतायत!" काकांनी संधी साधून सांगितलं की मूळ कादंबरीत हा गोल्डफिंगर विमानाच्या खुर्च्याच सोन्याच्या करून माल भारतात चोरून आणतो. सिनेमावाल्यांनी तेवढं भारताचं नाव गाळलं, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

मग पुतणीने तो प्रश्न विचारला. "हे सगळं ठीक आहे काका, पण हा बाँड करतो काय?"

तपासणी खात्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. काकांनी सिनेमा थांबवला, जुन्या डायरीचं कोरं पान काढलं, मधोमध रेघ मारली आणि जमेच्या बाजूला बाँडची कामगिरी लिहायला बसले. आम्ही वडे खाल्ले. सिनेमा पुढे सरकत गेला तशी नावेची बाजू भरत गेली. सोनेरी बाई बाँडच्या संगतीमुळे मेली. तिची बहीण सूड घ्यायला आली, तीही त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एवढी सजवलेली सरकारी गाडी आरशातल्या स्वतःच्याच दिव्यांना फसून त्याने भिंतीवर घातली. लेझरची किरणं मांड्यांकडे सरकत असताना तो वाचतो तो चोरून ऐकलेल्या दोन शब्दांच्या जोरावर. त्यानंतर जवळजवळ शेवटपर्यंत केंटकीच्या घोड्यांच्या फार्मवर कैदेत. तिथून मदतीची चिठ्ठी त्याने ज्याच्या खिशात सरकवली, तो माणूस गाडीसकट भंगारच्या यंत्रात चेपला गेला. चिठ्ठीही गेली.

मला विचाराल तर इतका निकामी असूनही हा माणूस पडद्यावर कर्तबगार वाटतो, ही कॉनरीच्या चालण्याची करामत आहे. तो उगीच खोलीत शिरतो तेव्हासुद्धा काहीतरी महत्त्वाचं घडतंय असं वाटतं.

तबेल्यातला प्रसंग आला तेव्हा मात्र काकांचं पेन थांबलं. गोल्डफिंगरच्या वैमानिक बाईला (तिचं नाव काका पुतणीसमोर उच्चारत नाहीत) बाँड गवतावर पाडतो. ती दोन्ही हातांनी त्याला ढकलते, मान फिरवते. तो सोडत नाही. मग संगीत बदलतं आणि तिचं मतही.

"काका, ती नाही म्हणतेय."

काका या वेळी पडद्याकडे बघत होते. "हे आम्हाला दाखवलंच नव्हतं," ते म्हणाले. असेलही. त्या काळी आपल्या सेन्सॉरची कात्री विलायती चुंबनांवरही चालायची.

"आणि एवढ्यावर तिने फोर्ट नॉक्सच्या सोन्यावरचा सगळा कट उलटवला?" पुतणी थांबेना. "हाताखाली वैमानिक मुलींचं अख्खं पथक असलेली बाई. विषारी वायूची टाकी तिने बदलली, वॉशिंग्टनला तिने कळवलं. हा कुठे होता?"

"तिजोरीत," काका पुटपुटले, "बाँबला बेडीने बांधलेला." तो बाँबही बाँड बंद करू शकत नाही. तो तारा उपटायच्या बेतात असतो, तेवढ्यात एक गृहस्थ येऊन एक बटण दाबतात. आकडा ००७वर थांबतो. लगेच बाँड म्हणतो, आणखी तीनच ठोके उरले होते. काका ताडकन उठले. "सात दिसतायत! हा तीन कसे म्हणतो?" पन्नास वर्षांत त्यांना हे दिसलं नव्हतं, कारण त्या वेळी ते कायम समोरच्याच्या तोंडाकडे बघत असत.

मग काका सुटलेच. पंधरा अब्ज डॉलरच्या सोन्याचं वजन साडेदहा हजार टन, असा हिशेब बाँडने आधी ऐटीत मांडलेला असतो. तेव्हा सोनं औंसाला पस्तीस डॉलर. काकांनी कॅल्क्युलेटर आणला. "कुठलाही टन धर, अडीच हजार टनांच्या वर तूट आहे. आमच्याकडे दोन ग्रॅमला मेमो द्यायचे!" शेवटी जमेच्या बाजूला दोनच नोंदी उरल्या, ऑडजॉबला विजेचा धक्का आणि गोल्डफिंगरला विमानाची खिडकी. आणि एक तिसरी, फोर्ट नॉक्सच्या आतली ती सोन्याची प्रचंड तिजोरी. खऱ्या तिजोरीत कोणी पाऊल ठेवू देईना, म्हणून नेपथ्यकार केन अ‍ॅडमने ती मनानेच रचली. मी म्हटलं, ती अ‍ॅडमच्या खात्यावर जमा करा. काकांनी मान्य केलं.

आम्हाला वाटलं, दैवत गेलं, आता म्हातारा खचणार. बायकोला तर रात्रभर चुटपूट लागली. पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम गेलो, तर सोफ्याच्या मधोमध समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त मेजरसाहेब बसलेले, हातात वडा, आणि काका वेताच्या खुर्चीत डायरी घेऊन. पडद्यावर मायामी. "आता बघा हं, मेजरसाहेब, चापट मारेल. सरकारी नोकर आहे, ड्यूटीवर आहे!" चापट बसली. "काय?"

मेजरसाहेबांनी विचारलं, "ती गाडी कधी येते?"

"गाडीचं सोडा. तुम्ही नीट बघितलंच नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.