आवाज न करणारी गाडी

इलेक्ट्रिक डर्ट बाइकला धूर नाही, आवाज नाही, म्हणून ती पर्यावरणाची मित्र, असं आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव म्हणतात. खोलीतून बाहेर पडताना यांनी आजवर पंखा बंद केलेला नाही.

आणि आवाज नसणं हा गुण कसा? माझी आरएक्स हंड्रेड कोपऱ्यावर आली की वडील आत कुकर लावायला सांगत. या गाडीने पोरगं कुठून कुठे गेलं, ते कुत्र्यालाही कळायचं नाही.

दुकानदाराचं आपलं एकच, "साहेब, पिकअप बघा!" बघितला. पेट्रोलच्या गाडीत क्लच चुकला की गाडी गचका खाऊन बंद पडते. शिकाऊ माणसाचं रक्षण बरेचदा त्या बंद पडण्यानेच होतं. इथे क्लचच नाही. मूठ पिळली, की जागेवरूनच पूर्ण जोर. म्हणून मी विचारलं, "वेगाला कुलूप लागतं का? पडल्यावर मोटर तोडणारी, मनगटाला बांधायची दोरी आहे का?" दुकानदाराने माझ्याकडे, लग्नात डाएट सांगणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

चिरंजीवांचं स्वप्न सर-रॉन लाइट बी. वेग ताशी ७०च्या पुढे, वजन पन्नास किलोच्या आसपास. हे स्वतः बेचाळीस. आडवे झाले तर कोणी कोणाला उचलायचं? रेझरची एमएक्स-३५० तेरा वर्षांपुढच्यांसाठीच असते आणि ताशी २२च्या आसपास थांबते. "बाबा, त्यापेक्षा आजी जोरात चालते."

सौ.ने त्याला एका गाडीवर बसवलं आणि खाली वाकून टाचा तपासल्या. टेकत नव्हत्या.

"वाढेल हो उंची, वहिनी."

"मग वाढल्यावर येऊ."

शेवटी मी कायदा काढला. असली बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, फक्त ट्रॅकवर किंवा मामाच्या शेतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडीचा गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. शिवाय मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

चिरंजीवांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. मला भरून आलं.

"म्हणजे बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तीन वर्षांत सुटणार, आणि मी अकरा वर्षं बसने फिरणार?"